विद्यापीठाचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?



संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘सार्वजनिक विद्यापीठ आणि राज्याची अर्थव्यवस्था’. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कशाला दिला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. अर्थशास्त्राचा माणूस असता तर त्यानं आकडे सांगितले असते. मी हे आकडे कसे तयार होतात ते थोडं उलगडणार आहे आणि ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहेत, हे विचारणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला ‘आर्थिक प्रभाव अहवाल’ म्हणतात, तो प्रकार मला सदोष वाटतो. तो विद्यापीठाची बाजू घ्यायला निघतो आणि विद्यापीठाचंच नुकसान करतो. खानदेशात तर जास्तच करतो.

हा प्रकार आला कुठून? अमेरिकेत १९७१ साली जॉन कॅफ्री आणि हर्बर्ट आयझॅक्स या दोघांनी तिथल्या शिक्षण परिषदेसाठी एक पुस्तिका लिहिली. कॉलेजमुळे गावात किती पैसा फिरतो, हे मोजायची रीत त्यांनी घालून दिली. संस्था खरेदी काय करते, नोकरांना पगार किती देते, विद्यार्थी खोलीभाडं आणि खाण्यापिण्यावर काय खर्च करतात, ही सगळी बेरीज करायची आणि तिला एका गुणकानं गुणायचं. पुढे तिकडच्या जवळपास प्रत्येक राज्य विद्यापीठानं असे अहवाल काढले. ब्रिटनमध्ये सल्लागार कंपन्या ते करून देतात. ‘एक पौंड घाला, इतके पौंड परत येतील’ असं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात असतं. हे का होतं ते उघड आहे. ज्याला दरवर्षी विधिमंडळासमोर हात पसरायचा आहे, त्याला ‘मी तुमच्यावर बोजा नाही’ हे सांगावंच लागतं. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ‘बोजा नाही’ हे सिद्ध करताना माणूस आपण कोण आहोत तेच विसरला, तर काय?

आपल्याकडेही ही भाषा आली आहे. एनआयआरएफच्या क्रमवारीत, विशेषतः अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या याद्यांत, पदवीधराचा मध्यम पगार हा एक मोजण्याचा घटक झाला. समारंभांच्या भाषणांत ‘विद्यापीठ आलं आणि जळगावचा कायापालट झाला’ हे वाक्य ठरलेलं असतं. तेव्हा आपल्याच विद्यापीठावर हे गणित लावून बघू.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं. तोवर जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे पुणे विद्यापीठात होते, आणि १९४९ च्या आधी मुंबई विद्यापीठात. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला आणि विद्यापीठाचे जिल्हे तीन झाले. २०१८ साली नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी आल्या. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचं नाव पदव्या वाटणाऱ्या संस्थेला मिळालं, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता समजा, चोपडा तालुक्यातली एक मुलगी विद्यापीठात एम.एस्सी.ला आली. खोली आणि मेस मिळून महिन्याला पाच हजार रुपये धरू. हा आकडा उदाहरणापुरता आहे. दहा महिन्यांचे झाले पन्नास हजार. अहवाल हे पन्नास हजार ‘प्रभाव’ म्हणून जमा करतो. पण हे पैसे आले कुठून? बापानं कापूस विकला किंवा केळीचे घड कापून गाडी भरून दिली, त्यातून आले. ते चोपड्याच्या बाजारात खर्च झाले असते, ते जळगावच्या पिंप्राळ्यात झाले. जळगाव शहराच्या वहीत जमा दिसेल, हे खरं. खानदेशाच्या वहीत शून्य. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, एवढंच.

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावातल्या कॉलेजात पन्नास राज्यांतून मुलं येतात, तिथे ‘बाहेरून आलेला पैसा’ ही कल्पना समजू शकते. आपल्या विद्यापीठात बहुतेक सगळी मुलं या तीन जिल्ह्यांतली. मग इथे खरोखर बाहेरून येतं ते काय? राज्य शासनाचं वेतन अनुदान, विद्यापीठ अनुदान आयोगाचा आणि दिल्लीच्या इतर खात्यांचा संशोधन निधी. आता सीमा थोडी मोठी करा आणि महाराष्ट्राची वही उघडा. राज्याचं अनुदानही तिथे शून्य होतं, कारण ते राज्याच्याच तिजोरीतून गेलं. म्हणजे सीमा कुठे आखली त्यावर प्रभाव ठरतो. रेघ लहान काढली की आकडा मोठा येतो. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पण अहवालात ती रेघ कुठे काढली ते तळटीपेत असतं आणि आकडा मुखपृष्ठावर.

त्यात तो गुणक. रिचर्ड कान या केंब्रिजच्या तरुण अर्थतज्ज्ञानं १९३१ साली तो मांडला आणि केन्सनं १९३६ च्या ग्रंथात वापरला. मंदीत गिरण्या बंद आहेत, माणसं रिकामी बसली आहेत, अशा वेळी सरकारनं खर्च केला तर एका रुपयाचं काम दीड-दोन रुपयांचं कसं होतं, हे त्याला दाखवायचं होतं. दुकानदाराला मिळालेल्या रुपयातले चाळीस पैसे गावातच पुन्हा खर्च झाले, त्यातले पुन्हा चाळीस टक्के, असं करत गेलं की एकाचे साधारण एक रुपया सदुसष्ट पैसे होतात. पण जळगावच्या मेसवाल्याचा रुपया गावात किती राहतो? गॅस सिलिंडर बाहेरचा, मोबाईलचा रिचार्ज बाहेरचा, कापड सुरतेचं. डाळ आपली, कारण दालमिलचं गाव आहे. भरिताची वांगी आपली. बाकी रुपया रेल्वेनं बाहेर जातो. दुसऱ्या देशातल्या शहराचा गुणक उचलून इथे लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यानं वाचायला बसणं.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते, त्या गोष्टीकडे येतो. जळगावात आणि धुळ्यात गेल्या काही वर्षांत अभ्यासिका किती झाल्या आहेत, ते तुम्ही बघताच. एका हॉलमध्ये प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा, मोबाईल चार्ज करायला एक पॉइंट. महिन्याची फी. बी.ए., बी.एस्सी., बी.ई. झालेली मुलं तिथे पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीसाठी बसतात. सकाळी सहाला येतात, रात्री अकराला जातात. कोणी दोन वर्षं, कोणी सहा. बाहेर चहाची गाडी, पोह्यांची गाडी, झेरॉक्स, जुन्या प्रश्नपत्रिका विकणारा, कॉट बेसिसवर खोली देणारा. आर्थिक प्रभाव अहवालाच्या दृष्टीनं हे सगळं जमेच्या बाजूला. मुलगा जितकी जास्त वर्षं बेकार राहील, तितका प्रभाव मोठा! पहिल्याच वर्षी त्याला नोकरी लागली आणि तो गेला, तर प्रभाव घटला. ज्या मोजपट्टीवर तरुणाचं वाया जाणारं वय विद्यापीठाची कमाई म्हणून दिसतं, ती मोजपट्टी सुधारून वापरता येत नाही, ती टाकूनच द्यावी लागते.

यावर अहवालवाले म्हणतात, ठीक आहे, खर्च सोडा, पदवीधराला आयुष्यभर जास्त पगार मिळतो तो मोजू. हे म्हणणं पहिल्यापेक्षा बरं आहे. पण यातही दोन अडचणी आहेत. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञानं १९७३ मध्ये असं दाखवलं की पदवीमुळे माणसाचं काम सुधारलं नाही तरी पदवी चालू शकते, कारण मालकाला शंभर अर्जांतून दहा निवडायला ती चाळणी म्हणून उपयोगी पडते. शिपायाच्या जागेला पदवीधरांचे अर्ज येतात, ही बातमी आता बातमी राहिलेली नाही. जागा ठरलेल्या असतील तर पदवी रांगेतली जागा बदलते, रांग लहान करत नाही.

दुसरी अडचण खास आपली. शिकलेला मुलगा राहतो कुठे? संध्याकाळनंतर जळगाव बसस्थानकावर पुण्याच्या गाड्या लागतात, तिथे उभं राहून बघा. सणाला आलेली मुलं परत निघालेली असतात, पिशवीत शेव, कळण्याचं पीठ, बिबडे. हिंजवडीत, चाकणमध्ये त्यांचा पगार होतो, तिथेच ती घर घेतात, तिथेच कर भरतात. राज्याच्या वहीत हा विद्यापीठाचा लाभ आहे, आणि मोठा आहे. खानदेशाच्या वहीत तो खर्च आहे. वीस-बावीस वर्षं इथल्या शेतीनं पोसलेला माणूस आपण दुसऱ्या जिल्ह्याला फुकट दिला. मुलांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही, त्यांना जायचा पूर्ण हक्क आहे. पण राज्याचा लाभ आणि प्रदेशाचा लाभ एकाच वाक्यात ‘प्रभाव’ म्हणून बोलले जातात, तेव्हा आपली फसगत होते. पुण्याला त्या मुलांच्या करातून उड्डाणपूल मिळतो. इथे प्राध्यापकाची जागा मागितली की तिजोरीवर भार पडतो असं ऐकायला मिळतं.

हा ‘कोण भरतो आणि कोणाला मिळतं’ असा प्रश्न नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी हाच मुद्दा धरला होता. सरकारचा महसूल येतो मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून, आणि उच्च शिक्षणावर तो सढळ हातानं खर्च होतो वरच्या जातींच्या मुलांसाठी. शेतकऱ्याच्या मुलाला गावात प्राथमिक शाळाही नाही. त्या काळच्या सरकारी समजुतीप्रमाणे वरच्या वर्गाला शिकवलं की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, असं धरलेलं होतं. फुल्यांनी विचारलं, झिरपलं कुठे? माझ्या मते विद्यापीठाच्या अर्थकारणावर मराठी माणसानं विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे, आणि आजच्या गुळगुळीत अहवालांपेक्षा त्यात अर्थशास्त्र जास्त आहे. एकूण बेरीज किती, हे फुले विचारत नाहीत. ते वाटणी विचारतात. बेरजेत वाटणी लपते.

आता थोडं माझ्या विषयाकडे वळतो, कंटाळू नका. गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञानं १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक उदाहरण दिलं आहे. एक पाहुणा ऑक्सफर्डला येतो. त्याला कॉलेजं दाखवतात, ग्रंथालय, मैदानं, प्रयोगशाळा, कचेऱ्या दाखवतात. सगळं बघून तो विचारतो, हे छान आहे, पण विद्यापीठ कुठाय? त्याची चूक ही की तो विद्यापीठाला आणखी एक इमारत समजतो. राइल याला प्रवर्गदोष म्हणतो. प्रभाव अहवालाचा दोष याच्या उलट बाजूचा आहे. तो इमारत, पगार, मेस, झेरॉक्स मोजतो आणि म्हणतो, हेच विद्यापीठ. हे सगळं तर कारागृहालाही असतं! पगार असतात, खरेदी असते, भेटायला येणारे लोक गावात चहा पितात. ज्या रीतीनं मोजलं की विद्यापीठ आणि तुरुंग सारखेच ‘प्रभावी’ ठरतात, त्या रीतीनं विद्यापीठाबद्दल काहीच मोजलेलं नाही.

आणि खानदेशात तर राइलचा पाहुणा खरंच गोंधळेल. कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयं बांभोरीजवळच्या आपल्या विद्यापीठाकडे. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. नोकरी सांभाळून शिकणारा नाशिकच्याच मुक्त विद्यापीठाकडे. म्हणजे खानदेशाचं सार्वजनिक विद्यापीठ एका पाटीखाली नाहीच. ते चार पाट्यांखाली विखुरलेलं आहे. एका पाटीचा अहवाल काढून प्रदेशावरचा परिणाम कसा कळणार?

खरा परिणाम कसा असतो, याचं एक उदाहरण आपल्या अंगणातलं आहे आणि आपल्यालाच फारसं माहीत नाही. जळगावला राहुरी विद्यापीठाचं तेलबिया संशोधन केंद्र आहे. तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीला भुईमुगाचा एक वाण निवडून काढला. नाव ‘फुले प्रगती’, पण शेतकरी आणि शास्त्रज्ञ त्याला जे.एल. २४ म्हणूनच ओळखतात. त्यातलं जे.एल. म्हणजे आपलं जळगाव. उपटा, लवकर येणारा, साधारण तीन महिन्यांत शेत मोकळं करणारा. पाऊस लवकर उघडला तरी हाती काही लागतं, म्हणून कोरडवाहूला सोयीचा. तो महाराष्ट्रात पसरला, मग देशभर गेला आणि हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत आफ्रिकेत पोचला. मलावीत तो ‘काकोमा’ नावानं पेरतात, झांबियात ‘लुएना’ नावानं. मलावीतल्या शेतकरी बाईला जळगाव हे नाव ठाऊक असायचं काही कारण नाही.

आता सांगा, हे कोणत्या वहीत लिहायचं? त्या केंद्राचे पगार आणि खतांची बिलं मोजली तर प्रभाव अगदी किरकोळ. वाण सरळ आहे, संकरित नाही, म्हणजे शेतकरी घरचंच बी ठेवून पुढच्या वर्षी पेरू शकतो. म्हणून बियाण्याच्या विक्रीतही त्याचं मोल पुरतं दिसत नाही. जितका तो फुकट पसरला तितका त्याचा उपयोग मोठा, आणि तितकाच तो हिशेबातून नाहीसा झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉकनं १८९० मध्ये दुधातलं स्निग्धांश मोजायची सोपी कसोटी काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. तोवर दूध वजनावर घेत, त्यामुळे पाणी घालणारा आणि न घालणारा सारखेच. ती कसोटी आल्यावर प्रामाणिक माणसाला भाव मिळू लागला. आपल्या डेअरीवर फॅट लावतात त्याची यंत्रं वेगळी आहेत, पण विचार तोच. सार्वजनिक विद्यापीठ ‘सार्वजनिक’ का, याचं उत्तर मला इथे सापडतं. त्याचं उत्तम काम असं असतं की ते कोणाच्या मालकीचं राहत नाही.

इथे कोणी म्हणेल, की खानदेशाच्या शेतीत सगळ्यात मोठा बदल ठिबक सिंचन आणि ऊतीसंवर्धित केळी यांनी केला, आणि तो जळगावच्या खाजगी कंपनीनं केला. बरोबर आहे, ते नाकारायचं कारण नाही. रावेर-यावलच्या केळीचं रूप त्यानं बदललं. पण त्या प्रयोगशाळांत काचेच्या बाटल्या हाताळणाऱ्या मुलामुलींना वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र कुणीतरी शिकवलेलं असतं. अनुदानित महाविद्यालयातल्या त्या मास्तराचा वाटा कोणत्याही ताळेबंदात नसतो.

मग माझ्यासारख्यानं काय मोजायला सांगावं? नुसतं ‘अमूल्य आहे’ म्हणून उठून जाणं मला पटत नाही. अमूल्य म्हटलं की अर्थसंकल्पात शून्य लिहायला सोपं जातं. माझी सूचना अशी की विद्यापीठ नसतं तर काय झालं नसतं, एवढंच विचारा. जळगाव ते पुणे जवळपास चारशे किलोमीटर. १९९० पूर्वी विद्यापीठातलं काम म्हणजे रात्रभराचा प्रवास, मुक्कामाची सोय आणि बुडालेली मजुरी किंवा रजा. श्रीमंताला ही अडचण होती. गरिबाला ती भिंत होती. आणि मुलींना सगळ्यात उंच भिंत. पारोळ्याचा, साक्रीचा, अक्कलकुव्याचा बाप मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला एकटी पाठवायला कचरत असे. जिच्या तालुक्याला महाविद्यालय झालं आणि विद्यापीठ एसटीच्या टप्प्यात आलं, ती शिकली. ती पुढे शिक्षिका झाली असेल, परिचारिका झाली असेल, बँकेत लागली असेल, किंवा घरीच असेल आणि मुलांचा अभ्यास घेत असेल. यातल्या शेवटच्या बाईचा पगार शून्य आहे, म्हणून पगाराच्या मोजपट्टीवर ती दिसतच नाही. तिच्या घरात मात्र सगळं बदललेलं असतं.

हे काम चालतं वर्गात उभ्या असलेल्या माणसावर, आणि तिथे आज परिस्थिती वाईट आहे. महाराष्ट्रभर विद्यापीठांत आणि अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाचे पैसे घेऊन, नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं शिकवतात. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या जूनची खात्री नाही. अशा माणसानं पाच-सात वर्षं चालणारं संशोधन हाती कसं घ्यायचं? भुईमुगाचा वाण एका हंगामात निघत नाही. इथे अहवालाची रीत कशी उलटते बघा. जागा रिकामी ठेवली की पगार वाचतो, दर विद्यार्थी खर्च कमी दिसतो, कागदावर कार्यक्षमता वाढते. मुलगा खोलीभाडं तेवढंच देतो, पोहे तेवढेच खातो. म्हणजे शिकवणारा नसला तरी विद्यार्थ्यांच्या खर्चाचा प्रभाव जसाच्या तसा.

अमळनेरचं नाव घेतल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही. प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. मलकानी, रासविहारी दास, टी.आर.व्ही. मूर्ती तिथे राहून विचार करत, कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. या तिघांनी, म्हणजे मलकानी, दास आणि मूर्तींनी, १९३३ मध्ये मिळून ग्रंथ लिहिला, त्याचं नाव ‘अज्ञान’. गिरणीमालकानं त्यांना परतावा विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. गिरणीचे ते दिवस राहिले नाहीत, पुस्तक अजून अभ्यासलं जातं. पण आज कोणी शेठजी येऊन असं काही काढील या भरवशावर राहता येत नाही, म्हणून हे काम सरकारच्या पैशावर यावं लागतं, आणि सरकारचा पैसा आला की हिशेब आला.

तर हिशेब द्यायचा असेल तर सुरुवात फार अवघड नाही. आपल्या विद्यापीठात अर्थशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे. चोपडा, शिरपूर, साक्री, नवापूर इथल्या आगारांत विद्यार्थ्यांच्या एसटी पासची नोंद असते. कोण कुठून कुठे शिकायला जातं, त्यात मुली किती, कोणत्या गावाची एकही नाही. महाविद्यालयांच्या प्रवेश नोंदवह्यांत आईवडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या त्याच मुली आज कुठे आहेत, हे एम.ए.च्या विद्यार्थ्यांना गावोगाव जाऊन विचारता येईल. सल्लागार कंपनी लागणार नाही. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या रकान्यात, त्या प्रत्येक महाविद्यालयात कोणत्या विषयाची जागा किती वर्षं रिकामी आहे, तेही लिहा. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी ठेवून मंत्रालयात न्या.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.